एका पुठ्ठ्यातील दोन कवी

वाचनालयाच्या काटकसरीतून साहित्यसमीक्षेचे केवढे रण माजू शकते, याची कल्पना आमच्या परभणीतल्या एका वाचनालयाच्या चालकांना, बी. रघुनाथांचे ‘आलाप आणि विलाप’ आणि ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ हे दोन काव्यसंग्रह एकाच पुठ्ठ्यात शिवून घेताना, खचितच आली नसावी. पहिला संग्रह १९४१ सालचा, म्हणजे कवीच्या ऐन उमेदीतला. दुसरा १९५५ सालचा, म्हणजे कवी निवर्तल्यावर दोन वर्षांनी निघालेला. या अवधीत निजामाची राजवट लयास गेली, मुलखाचे मालक बदलले, आणि बांधकाम खात्यात कारकुनी करता करता सात कादंबऱ्या लिहिणारा हा गृहस्थ इहलोकीचे दप्तर मिटून निघूनही गेला. परंतु बाइंडराच्या लेखी या साऱ्या उलथापालथीची किंमत सुतळीच्या एका टाक्याहून अधिक नव्हती.

या पुस्तकाचे समास इतके गजबजलेले आहेत की मूळ कविता त्यांत दाटीवाटीने राहणाऱ्या भाडेकरूसारखी वाटते. शेरे लिहिणारांचे स्थूलमानाने दोन पक्ष पडतात. पूर्वपक्षाचे म्हणणे असे, की कवीने जे काही गायचे ते १९४१ पर्यंत गाऊन टाकले. पुढे तो विचार करू लागला आणि बिघडला. या पक्षाचे अध्वर्यू अदालतीतून निवृत्त झालेले एक पेशकार असून, पुराव्याच्या कागदावर निशाणी घालावी तशा त्यांनी प्रेमकवितांवर ‘मंजूर’, ‘मंजूर’ अशा मोहरा उमटविल्या आहेत, आणि दुसऱ्या संग्रहाच्या आरंभीच ‘सबब, दावा खारीज’ असा फैसला देऊन ते मोकळे झाले आहेत.

उत्तरपक्षाचे धुरीणत्व एका महाविद्यालयीन अध्यापकांकडे आहे. प्रारंभीची कविता ‘अपरिपक्व’ आणि उत्तरकाळातील कविता ‘प्रगल्भ जीवनदृष्टीने संपृक्त’, असा त्यांचा सिद्धांत. वास्तविक ज्यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१३ चा आणि मृत्यू ७ सप्टेंबर १९५३ चा, त्यांचा उत्तरकाळ चाळिशीतच आटोपला; आणि वरील सिद्धांत मांडणारे अध्यापक स्वतः पन्नाशी उलटूनही, मंडळींच्या मते, अद्याप पूर्वकाळातच आहेत. परंतु कवीने लवकर मरावे आणि समीक्षकाने त्यास वार्धक्य बहाल करावे, ही आपल्याकडची जुनी वहिवाट आहे.

या दोन पक्षांच्या हद्दीबाहेरही काही अपक्ष आहेत. एका गृहस्थांनी संपूर्ण पुस्तक चाळून अखेरच्या पानावर ‘यात चाफा नाही’ अशी तक्रार नोंदविली आहे. ‘चाफा’ ही कविता ‘बी’ कवींची, म्हणजे मलकापूरच्या नारायण मुरलीधर गुप्ते यांची, आणि आमचे बी. रघुनाथ म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी, हे त्यांस कोणी सांगितलेले दिसत नाही. दुसरे एक शेतकरी गृहस्थ ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ या शीर्षकापाशीच अडले असून, ‘ही लाली पाऊस आणणारी की पळविणारी?’ एवढी एकच पृच्छा करून त्यांनी पुढील सर्व काव्यास रजा दिली आहे. आणि तिसऱ्या एका अभिमान्याने कवीच्या परिचयातील ‘सातोना, जिल्हा परभणी’ या शब्दांखाली दुहेरी रेघ ओढली आहे. कारण १९८१ साली जालना जिल्हा निर्माण झाला तेव्हा परतूर तालुक्यासमवेत सातोनाही तिकडे वर्ग झाले. कवीची बदली मृत्यूने कायमची थांबविली असता त्याच्या जन्मगावाची बदली व्हावी, हा खातेनिहाय विनोद खुद्द बी. रघुनाथांनाही रुचला असता.

परंतु या सर्व शेऱ्यांत मला विचारात पाडले ते एकाच हस्ताक्षरातल्या तिघा वाचकांनी. पहिल्या संग्रहातील एका कवितेपाशी निळ्या-काळ्या शाईत ‘अप्रतिम!’ असे लिहिलेले आहे. त्याच्याच खाली, त्याच वळणाच्या अक्षरांत, बॉलपेनने ‘निव्वळ पोरकट’. आणि त्याहीखाली, अक्षर किंचित थरथरलेले, पण ‘अ’ची शेपूट तीच, पेन्सिलीने पुन्हा ‘अप्रतिम’, मात्र या खेपेस उद्गारचिन्हावाचून. कवितेत या काळात काना-मात्रेचाही फरक पडलेला नव्हता. तारुण्य, संसार आणि निवृत्तिवेतन या तीन अवस्था जिच्या कडेने गेल्या, ती ओळ जागची हललीही नव्हती. आणि तरीही प्रत्येक अवस्थेने कवीलाच ‘तू बदललास’ असे बजावले होते. पेशकारांचा पूर्वपक्ष आणि अध्यापकांचा उत्तरपक्ष यांचे रहस्यही मग उलगडू लागले: साठी ओलांडलेल्यास कवीची पंचविशी हवी असते, कारण स्वतःची हरवलेली असते, आणि ज्याला अद्याप प्रौढत्व आलेले नाही, तो कवीचे प्रौढत्व उसने मागून नेतो. कवीच्या पूर्वकाळ-उत्तरकाळाचा वाद म्हणून जो चालतो, तो बहुतांशी वाचकांच्या जन्मतारखांचा वाद असतो.

हे निदान झाल्यावर, यापुढे शेरा लिहिणाऱ्याने शेऱ्यासोबत आपले वय आणि पूर्वी हेच पुस्तक वाचले असल्यास तेव्हाचे मत नोंदवावे, अशी सूचना मी ग्रंथपालांकडे रीतसर अर्ज करून केली, आणि त्यांनीही ती तत्परतेने पुस्तकाच्या पहिल्याच पानावर डकविली. समीक्षाशास्त्रास यातून काही अपूर्व सामग्री लाभेल, या अपेक्षेने मध्यंतरी मी चौकशीस गेलो, तेव्हा ग्रंथपाल परमसंतोषाने म्हणाले, “लई बेस सूचना केली बघा तुम्ही, साहेब. वय लिहा म्हन्लं तवापासून एकानं पेन्सिल लावली न्हाई. पुस्तक कसं कोरं राहूलालंय!”