आजोबांची वाइन, किलोभर काच

वेरोनाजवळच्या वाल्पोलिचेल्लात आमारोने नावाची दणकट लाल वाइन होते. कोर्विना वगैरे द्राक्षं तोडायची, तीन-चार महिने माळ्यावर सुकवायची, तिसरा हिस्सा वजन हवेत उडालं की चिरडून आंबवायची. अल्कोहोल किमान 14 टक्के. पुष्कळ बाटल्या 15 ओलांडतात. एवढं ऐकूनच माणसानं हात जोडावेत. पण विकणाऱ्याला ते पुरत नाही. लेबलावर मिशीवाले आजोबा हवेत, वेलींच्या ओळींत चरणाऱ्या मेंढ्या हव्यात आणि खाली ‘शाश्वत शेती’चा शिक्का. (टस्कनीतलं आंतिनोरी घराणं 1385 पासून वाइनच्या धंद्यात आहे आणि कंपनी आजही घराण्याचीच; तेव्हा आजोबांचा ‘घरगुती’ धंदा म्हणजे चिमुकला, हा समज आपला आपण सोडावा.)

आता इतका निसर्ग भरायचा कशात? कित्येकदा जवळजवळ किलोभर वजनाच्या काचेत! वाइनच्या कार्बन-हिशेबात बाटलीचा वाटा मोठा असतो, हे बागायतदाराला तोंडपाठ असतं. पण बाटली हलकी लागली की गिऱ्हाइकाला आतली वाइनही हलकी वाटते. म्हणजे मेंढ्यांनी गवत खाऊन ट्रॅक्टरचं डिझेल वाचवायचं आणि काचेच्या भट्टीनं ते सव्याज जाळायचं.

बाटली संपली की फेकण्याआधी तराजूत घाला. लेबल मग वाचा.