भुताचे सेवापुस्तक

ज्या वास्तूत मृतांचा वावर असल्याची आसपासच्या जिवंतांची खात्री पटलेली असते, ती भुताटकीची वास्तू, ही व्याख्या मान्य केली तर जुहूतील अशा घरांच्या अभ्यासात भुतापेक्षा साक्षीदाराकडे अधिक लक्ष द्यावे लागते, कारण हा साक्षीदार बहुधा त्याच घरचा पगारी नोकर असतो. ‘जेव्हीपीडी स्कीम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आखीव वस्तीत वारसांच्या दाव्यापायी कुलूपबंद पडलेल्या बंगल्यात वॉचमन हाच एकमेव रहिवासी उरतो. आणि रात्री वरच्या मजल्यावर पैंजण वाजतात हे सांगणारा तोच, तर असे घर राखायला माणूस हवाच हे मालकाला पटवणाराही तोच असल्याने, तेथील भूत त्याच्या नोकरीला जामीन राहते.

नांदत्या बंगल्यातला व्यवहार याहून गुंतागुंतीचा असतो. चोवीस तासांची बाई, म्हणजे मालकाच्याच घरी राहणारी मोलकरीण, मागच्या खोलीत हडळ, अर्थात बाळंतपणात मेलेल्या स्त्रीचे उलट्या पावलांचे भूत, दिसल्याचे सांगते, तेव्हा त्या खोलीला खिडकी नाही आणि पंखा बंद आहे या दोन्ही तक्रारी ती एकदम नोंदवत असते. पंख्यासाठी मॅडम महिनोन्‌महिने हलत नाहीत, हडळीसाठी मात्र त्याच संध्याकाळी बाईचे अंथरूण स्वयंपाकघराशेजारी येते. उलट, गच्चीवरच्या खोलीत मुंजा, म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी वारलेल्या मुलाचे भूत, असल्याचे नव्या गड्याला बजावणारे शेठ आपल्या विलायती बाटल्या त्याच खोलीत ठेवतात. (मुंजा वास्तविक पिंपळावर राहतो, पण जुहूत जागेची टंचाई सर्वांनाच आहे.) फुटलेल्या काचसामानाचा आळ दोन्ही पक्ष एकमताने भुतावर घेतात, कारण त्याच्या पगारातून कापण्याजोगे काही नसते.

भूत आणि पगार यांचे हे नाते जुहूपुरते नाही. पुण्याच्या शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून करणारे गारदी, म्हणजे पगारी शिपाई, थकलेल्या पगाराचा गलका करीतच आत शिरले होते. चुलत्याचे कारस्थान वेगळे, परंतु वाड्यात अजून त्या पेशव्याच्या आरोळ्या ऐकू येतात असे सांगणाऱ्यांनी महाराष्ट्रातील या सर्वांत नामांकित भुताच्या मुळाशी पगाराची तक्रार होती, हेही सांगायला हवे.

राज्याने २००८ साली घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा केला, पण त्यात नोंदणीसाठी १८ ते ६० वर्षांची अट असल्याने बहुतेक भुते वयातच बाद होतात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत अंगावर सोडण्याची धमकी देऊन घबराट पसरवणाऱ्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. अनुभवी बाई मात्र हडळ दिसली एवढेच म्हणते, आपण ती सोडू असे कधीच म्हणत नाही. आता बंगले पाडून उभ्या राहिलेल्या इमारतींत कंत्राटी सुरक्षारक्षक बारा-बारा तासांच्या पाळीने येतात आणि पैंजण ओळखीचे होण्याआधीच दुसरीकडे बदलले जातात, शिवाय कंत्राटदाराच्या बिलात भुतासाठी वेगळा रकाना नसतो.