विसाव्याचं जू

मध्य रेल्वेइतकं धर्मनिष्ठ खातं भारतात दुसरं नसेल. सहा दिवस राबावं आणि सातव्या दिवशी थांबावं, हा मोशेच्या काळापासूनचा दंडक ती अशी पाळते की भल्याभल्या भाविकांनी लाजावं. रविवार उजाडला की माटुंगा ते मुलुंड धीम्या मार्गावर मेगाब्लॉक, आणि आम्ही कोपरीकर उपासनेचे कडक इस्त्रीचे कपडे घालून ठाण्याच्या फलाटावर इंडिकेटरकडे तोंड करून उभे. कारण विचाराल तर ठरलेलं: देखभाल आणि दुरुस्ती. नीट पाहिलं तर रविवारचं याहून नेमकं वर्णन एखाद्या पाळकालाही सुचणार नाही. गाडी थांबवायची ती झोपवण्यासाठी नव्हे, रूळ तपासण्यासाठी.

माणसांना मात्र हे जमत नाही. “आराम चाललाय वाटतं?” हा आपल्याकडे प्रश्न नसतो, आरोप असतो. सुट्टीच्या दिवशी कुणी पंख्याखाली आडवं झालं की घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी नेमके माळ्यावरचे डबे आठवतात. त्यातून माणूस परदेशी असेल तर विचारूच नका. तो दमतो हे इथे कुणाला पटतच नाही. “तुला काय बाबा, तिकडे सगळीकडे एसी!” हे वाक्य ऐकवलं की आपल्या बाजूने त्याचा थकवा बरा झालेला असतो.

माझा भाचा कोपरीत बारा बंगल्याजवळ वाढला आणि आता दुबईत करामाला बेडस्पेसवर राहतो. बेडस्पेस म्हणजे खोली नव्हे, भाड्याने घेतलेली खाट. खाटेला एक पडदा, पडद्याच्या आत मोबाइलचा चार्जर, डोक्याशी टांगलेली कपड्यांची पिशवी आणि पायथ्याशी बॅग. पडद्याच्या आतला मुलूख आपला, बाहेरचा सगळ्यांचा. कोपरीत एका खोलीत सहा जण झोपलेल्या आम्हा लोकांना दाटीवाटीचं काय कौतुक? पण इथे शेजारच्या अंथरुणावर घोरणारा आपला काका असतो. रात्री पाय लागला तर तो शिवी घालतो आणि सकाळी चहाही देतो. तिथे घोरणाऱ्याचं नावही कधी कधी ठाऊक नसतं. वखारीत बारा तास उभं राहून आल्यावरही त्या पोराची झोप उडाली. आईला फोनवर सांगायचा, “मस्त चाललंय.” आईला मस्त या शब्दाचे सगळे सूर ओळखता येतात. ती ज्या दिवशी काही बोलत नसे, त्या दिवशी आम्ही समजायचो, आज मस्त जरा जास्तच मस्त होतं.

आमचं मूळ नगरकडचं. घरात रविवारची उपासना, संध्याकाळची प्रार्थना आणि रेव्हरंड टिळकांची भजनं हे पिठल्याभाकरीइतकंच जुनं. तरी हा पठ्ठ्या इथे असताना देवळात जायला दहा कारणं काढायचा, त्यातली सहा रेल्वेवर ढकलायचा. तोच तिथे नियमाने जाऊ लागला, आणि तेही सुरुवातीला शुक्रवारी! तिथे तेव्हा सुट्टी शुक्रवारची, म्हणून ख्रिस्ती मंडळींची मोठी उपासनाही शुक्रवारची. ताईला हे काही केल्या पटेना. “अरे, पण देवाला कळवलंय का वार बदलल्याचं?” हा तिचा प्रश्न. पुढे १ जानेवारी २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीच्या सरकारने शनिवार-रविवार सुट्टी केली आणि ताईचा देव पुन्हा वारावर आला. तिला आजही वाटतं की हे तिच्या प्रार्थनेमुळे झालं. तिथल्या सरकारने अर्थव्यवहाराची कारणं दिली होती, पण ती तिने वाचलेली नाहीत.

दुबईत ऊद मेथा भागात सेंट मेरीज हे १९६७ सालचं कॅथलिक चर्च आणि होली ट्रिनिटी हे अँग्लिकन चर्च अशी दोन्ही आहेत. होली ट्रिनिटीच्या आवारात तासातासाला मंडळी बदलतात. एका दारातून मल्याळम बाहेर पडतं तर दुसऱ्या दारातून तमिळ आत शिरतं. या गर्दीत मराठी बोलणारी पाच-सात डोकी एकमेकांना हुडकतात आणि उपासना संपल्यावर गाड्या लावायच्या जागेत, सावली पाहून, गुणगुणत्या आवाजात एखादं टिळकांचं भजन म्हणतात. पेटी नाही, तबला नाही. कुणीतरी गाडीच्या बॉनेटवर ठेका धरतो, तोही गाडी स्वतःची असेल तरच. टिळकांना हे आवडलं असतं. त्यांना स्वतःला नवा करार मिळाला तो नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात, एका अनोळखी गोऱ्या सहप्रवाशाकडून. प्रवासातल्या देवाशी त्यांची जुनी ओळख होती.

या भजनानंतर चहा होतो आणि चहावर खरी उपासना सुरू होते. कुणाचा पगार अडकला, कुणाचा व्हिसा संपतोय, कुणाच्या घरी वडील आजारी आहेत. भाच्याने झोपेचं तिथेच सांगितलं, जे त्याने आईला, मला आणि कंपनीच्या डॉक्टरलाही सांगितलं नव्हतं. एका वयस्कर माणसाने डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि आमेन म्हणताच विचारलं, “आता डॉक्टरकडे कधी जातोस? मी येतो बरोबर.” झोप सुधारली ती प्रार्थनेने की गोळीने, हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही. माझं मत विचाराल तर ती “मी येतो बरोबर” याने सुधारली.

परमुलखात देव लागतो, हे कोपरीला निराळं सांगायला नको. फाळणीनंतर सगळं मागे टाकून आलेली सिंधी कुटुंबं इथे वसली. सोबत आणलेल्या सामानात झुलेलाल होते, त्यांना जकात लागत नाही. त्याही आधीची गोष्ट हवी असेल तर १३२१ सालात जावं लागेल. तेव्हा ठाणं हाच परदेश होता. चीनच्या वाटेवरचे चार फ्रान्सिस्कन साधू, टोलेंटिनोचे थॉमस आणि त्यांचे सोबती, इथे एका नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाकडे उतरले. मागाहून आलेल्या ओडोरिक या प्रवाशाने लिहून ठेवलंय की यजमानाने बायकोला मारलं, बायको काजीकडे गेली आणि साक्षीदार म्हणून तिने या पाहुण्यांचं नाव घेतलं. पाहुणा म्हणून जावं आणि नवराबायकोच्या भांडणात साक्ष द्यावी लागावी, यासारखा प्रसंग शत्रूवरही येऊ नये. काजीपुढे धर्माचा वाद निघाला, तो पेटला आणि चौघांचा जीव गेला. त्यांच्या अस्थी पुढे ओडोरिकने चीनला नेल्या. म्हणजे ते पोचले, पण विसावा काही मिळाला नाही. परदेशी श्रद्धा बरोबर नेली की शांती मिळतेच, असं सांगणाऱ्यांनी आधी ठाण्याचा इतिहास वाचावा.

मग शांती मिळालेलं मराठी माणूस कोण? माझ्या डोळ्यांपुढे पंडिता रमाबाई येतात. १८८३ साली, पंचविशीत, विधवा, कडेवर दोन वर्षांची मनोरमा, अशा त्या इंग्लंडला गेल्या. आईवडील दुष्काळात गेलेले, भाऊ गेलेला, नवरा गेलेला. वाँटेजला सिस्टरांच्या मठात उतरल्या. डॉक्टर व्हायचं होतं, पण कान साथ देईनात. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी मनाचा तोल जाऊन आयुष्य संपवलं. त्या धक्क्याने रमाबाईंची रात्रीची झोप गेली. मॅक्स म्युल्लर यांनी त्यांना ऑक्सफर्डला आपल्या घरी नेलं तेव्हा त्यांची अवस्था अशी होती की रोज रात्री सोबतीला एक मोलकरीण त्यांच्या खोलीत झोपवावी लागे. वेदांचा एवढा पंडित, पण त्याने त्यांना वेदान्त सांगितला नाही. खोलीत एक माणूस दिलं. माझ्या भाच्याच्या त्या वयस्कर सोबत्याचा आणि मॅक्स म्युल्लरचा संप्रदाय एकच असावा.

त्याच वर्षी, २९ सप्टेंबरला, रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. फुलहॅम इथे सिस्टर लोक समाजाने टाकलेल्या बायकांमध्ये काम करत, ते त्यांनी पाहिलं होतं. अशा बाईलाही जवळ बसवणारा कुणी आहे, आणि योहानाच्या शुभवर्तमानातल्या शोमरोनी बाईशी ख्रिस्त विहिरीवर बोलत बसतो, हे त्यांच्या मनात रुतलं. आता एवढं झाल्यावर बाईने हात जोडून गप्प बसावं की नाही? छे! खरी धमाल पुढेच आहे. त्याच मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो वाचताना आपल्याला एकाच वेळी दोघींची दया येते. रमाबाईंना मांस चालेना. मठाला वाटलं, हा जातीचा ताठा. रमाबाई म्हणाल्या, असेल, पण ताट माझं आहे. क्रूसावर लॅटिन अक्षरं होती. मला लॅटिन येत नाही, माझ्या देशबांधवांना येत नाही, संस्कृत कोरा, हा त्यांचा आग्रह. त्रैक्य कसं, ख्रिस्ताचं देवत्व कसं, बिशप म्हणतात म्हणून का मानायचं, प्रत्येक मुद्द्यावर पत्राला पत्र. बिचाऱ्या जेराल्डीनबाईंना वाटलं असेल, आम्ही हिला विसावा दिला की हिने आमचा घालवला?

आणि गंमत म्हणजे, ज्याला विसावा म्हणावं तो रमाबाईंना इंग्लंडात मिळालाच नव्हता. त्यांनी आपल्या साक्षीत मोकळेपणाने लिहिलंय की धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडायला पुढे काही वर्षं जावी लागली. ती वर्षं अमेरिकेत आणि मग इथे, मुंबई-पुण्यात गेली. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, मग ते पुण्याला हलवलं. परदेशात सुरू झालेली दुरुस्ती स्वदेशी येऊन पूर्ण झाली आणि पूर्ण झाल्यावर बाई बसल्या नाहीत, निघाल्या. दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी अनाथ मुली आणल्या, केडगावला मुक्तिसदन उभं केलं. मुलींना शिवण, विणकाम, शेती, छपाई शिकवली. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणायला घेतलं, आणि ते छापलंही आपल्याच छापखान्यात, आपल्याच मुलींच्या हातांनी. १९२१ साली मनोरमा गेली, एप्रिल १९२२ मध्ये स्वतः रमाबाई गेल्या. अखेरपर्यंत कामाचा कागद हातातून सुटला नाही. दोनवेळच्या आरतीनंतर आरामखुर्चीत बसण्याला विसावा म्हणणाऱ्यांना ही बाई समजणं कठीण आहे.

त्यात ज्याचा शब्द त्यांनी धरला, त्याचीच तऱ्हा अशी. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात भागल्या-दमल्या सगळ्यांना तो विश्रांतीला बोलावतो. हे वाक्य आमच्याकडे दिनदर्शिकेवर, भिंतीवर, लग्नपत्रिकेवर, कुठेही सापडतं. मात्र त्याच्या पुढचं वाक्य कुणी छापत नाही, कारण त्यात तो लगेच मानेवर जू घ्यायला सांगतो. आपलं जू सोयीचं आणि ओझं हलकं आहे, हे आश्वासन. म्हणजे ओझं उतरवण्याची योजना नाही, ओझं बदलून देण्याची आहे! एखाद्या वाण्याने अशी स्कीम काढली असती तर कोपरीच्या बाजारात दुसऱ्या दिवशी गल्ला रिकामा राहिला असता.

पण भाच्याकडे पाहून मला त्या हिशेबाची खात्री पटत चालली आहे. आता सुट्टीच्या दिवशी हा पोरगा घरी बसत नाही. उपासनेनंतर कुणाला तरी इस्पितळात भेटायला जातो. नव्याने आलेल्या मुलाला मेट्रोचं कार्ड काढून देतो. कुणाचं अर्जाचं इंग्रजी दुरुस्त करतो. अपघातात गेलेल्या एका मजुराचे कागद पुरे होऊन त्याला गावी पाठवेपर्यंत हा कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत होता. तो मजूर बिहारचा, मुसलमान. मी विचारलं, “अरे, एवढा एक दिवस मिळतो, तोही घालवतोस. दमत नाहीस?” म्हणाला, “दमतो की, मामा. पण वखारीतून दमून आलं की झोप लागत नाही, इथून दमून आलं की लागते.” यावर मामाकडे उत्तर नव्हतं. असतं तरी दिलं नसतं. आंतरराष्ट्रीय कॉल होता.

त्यामुळे आता परदेशी असलेल्या पोराबाळांच्या घरच्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. फोनवर पगार, हवामान आणि लग्न हे तीन विषय जरा बाजूला ठेवा. देऊळ कुठलं, मशीद कुठली, मठ कुठला, की यातलं काहीच नाही, हेही विचारू नका. ते त्याचं त्याला बघू दे. सुट्टीच्या दिवशी तो कुणाच्या उपयोगी पडतो आणि रात्री भीती वाटली तर त्याच्या खोलीत कोण आहे, एवढं मात्र नक्की विचारा. या दोन्हींचं उत्तर मिळालं की निर्धास्त झोपा. तो झोपलेला असतो.