परसातलं दुसरं घर

कॅलिफोर्नियात परसदारी आणखी एक घर बांधायचं तर ७५० चौरस फुटांच्या आतच हात आखडावा. त्यापलीकडे इम्पॅक्ट फी, म्हणजे नव्या बांधकामावरचं विकासशुल्क, लागू शकते. बांधकाम परवान्याचा अर्ज पुरा असेल तर पालिकेने ६० दिवसांत निकाल द्यावा, असा कायदा आहे. 'पुरा' कधी झाला, हे मात्र पालिकाच सांगते. अंदाजपत्रकात भिंती, छप्पर, खिडक्या असतातच. सांडपाण्याच्या लाइनसाठी खणायचा चर, वाढीव वीजजोडणी, नव्या सुट्या घराला सक्तीचे सौर पॅनल ही मंडळी मागाहून येतात नि पहिल्या पंगतीला बसतात. एवढं करून सिलिकॉन व्हॅलीतला आपला मराठी चिरंजीव म्हणतो, "आईबाबांसाठी बांधलं." व्हिजिटर व्हिसावर ते सहा महिने राहणार. भाड्याच्या कोष्टकात मात्र त्याने बाराही महिने धरलेत.