दहा बाय चौदाची बाग

आखणीआधी रविवारी सकाळी सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जाऊन यावं. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेली ही दहा एकरांची बाग. दगड कुठे मांडलाय, पाणी कसं वळवलंय हे नीट पाहावं, फोटो काढावेत आणि घरी येऊन आपल्या १० बाय १४ फुटांत टेप धरावी. जपानी माळी बागेबाहेरचा डोंगर देखाव्यासाठी उसना घेतात म्हणे. आपल्याला शेजाऱ्यांची काळी पाण्याची टाकी मिळते, वर वाळत टाकलेल्या पायपुसण्यासकट. ती जमेस धरावी.

आता हार्डस्केप, म्हणजे फरशी, बांध, ओटा. आधी दोन स्कूटरींची जागा वजा करावी, वळवायची धरून. मग तुळशीवृंदावन. उरेल त्यात शहाबादी, तीही खडबडीत. गुळगुळीत घेतली तर पहिल्या पावसात कोण आपटणार, हे घरात आधीच ठरलेलं असतं. उताराबाबत मात्र हट्ट धरावा: दहा फुटांना सव्वा इंच. आमच्या गवंड्याने पाण्याची नळी लावली, दोन्ही टोकांना खडूने खुणा केल्या आणि म्हणाला, "बरोब्बर आलाय, साहेब." बरोब्बरच होता. फक्त स्वयंपाकघराच्या दाराकडे होता. मृगाच्या पहिल्या सरीला बागेतलं सगळं पाणी, एका गोगलगायीसह, थेट शेगडीच्या ओट्याखाली आलं.

सॉफ्टस्केप, म्हणजे झाडं-माती, सोपं, असं नर्सरीत सांगतात. सोनचाफ्याला दोन फुटांचा खड्डा घ्या म्हणतात. दीड फुटावर कुदळ ठण्ण वाजते. खाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा कातळ आहे. त्याला आपल्या बागेची घाई नाही. मग वरच विटांचा वाफा बांधायचा, पोयटा-शेणखत भरायचं. थोडक्यात, पुन्हा हार्डस्केप, पुन्हा तोच गवंडी.

हिरवळीचा विचार असेल तर गच्चीवरच्या टाकीत डोकावून यावं, म्हणजे तो आपोआप सुटतो. मोठं झाड लावताना १९७५ चा कायदा आठवावा: नंतर ते नको झालं, तरी तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

छाटणी करताना मात्र पहाटे साडेपाचला आकडीची काठी आणि पिशवी घेऊन येणाऱ्या काकांची उंची लक्षात घ्यावी. आमच्या काकांनी परवा बेल वाजवून तक्रार केली: चाफ्याची फांदी फार वर गेलीय, आणि आत कोपऱ्यातली फरशी हलतेय, पाय मुरगळेल कुणाचा तरी.