नाना वाजवत काहीच नाहीत

गिरगावातल्या कुठल्याही बेंजो पार्टीकडे नीट बघा. ट्रॉलीवर बेंजो मास्तर, शेजारी कीबोर्डवाला आणि ऑक्टोपॅडवाला, पुढे ताशे, मागे ढोल, ट्रॉली ढकलणारी पोरं आणि जनरेटरकडे संशयाने बघत चालणारा एक जण. आणि ट्रॉलीच्या डाव्या अंगाला, मास्तरच्या कोपराला जवळजवळ चिकटून, पार्टीचाच टी-शर्ट घातलेला एक साठीकडे झुकलेला गृहस्थ. त्याच्या हातात काहीच नसतं. पाऊस असला तर छत्री असते, तीही मास्तरच्या बेंजोवर धरलेली. हे कोण, असं नव्या गिऱ्हाइकाने विचारलं तर पोरं म्हणतात, "ते नाना. ते आपलेच आहेत." याहून नेमकी व्याख्या अजून कोणाला जमलेली नाही.

असा एक जण दर वाडीत असतो. कुठे त्याला अण्णा म्हणतात, कुठे भाऊ. आमच्याकडे नाना. तो वाजवत नाही, नाचत नाही, सुपारीत त्याचा वाटा नाही. पार्टीच्या टी-शर्टचे पैसे दरवर्षी सगळ्यांत आधी तो भरतो, आणि टी-शर्ट मिळतो मात्र उरलेल्या मापाचा. त्यामुळे नानांच्या पाठीवरचं पार्टीचं नाव नेहमी थोडं ताणलेलं दिसतं.

नाना बेस्टमध्ये कंडक्टर होते. तिकिटाला भोक पाडायचा पंच असायचा त्या काळातले. तो पंच बसच्या दांड्यावर टकटकवून कंडक्टर लोकांना पुढे सरकायला सांगत. बाकीच्यांची टकटक ही नुसती टकटक असे. नानांची केरव्यात जायची. एखादा रसिक प्रवासी पुढे सरकायचं सोडून मान डोलवत तिथेच उभा राही, आणि गाडी मागच्या बाजूला गच्च नि पुढे मोकळी अशी धावे. पुढे तिकिटाची मशिनं आली. डेपोत सगळ्यांना हायसं वाटलं. नाना आठवडाभर कोणाशी धड बोलले नाहीत.

गणपतीच्या मोसमात त्यांची ड्यूटी कशी लावायची हा त्यांच्या वरिष्ठांपुढचा कायमचा प्रश्न होता. परळ-लालबागच्या कारखान्यांतून मोठ्या मूर्ती निघायला लागल्या की नानांना घरगुती अडचणी सुरू होत. रजेच्या अर्जावर 'घरगुती कारण' आणि घरी 'आज डबल ड्यूटी आहे'. वहिनींना सगळं ठाऊक असायचं. डबल ड्यूटीला जाताना कोणी कानात घालायला कापूस नेत नाही, एवढं त्यांना कळत होतं. हा कापूसही नाना स्वतः वापरत नाहीत. ताशावाल्या पोरांना वाटतात.

बेंजोविषयी नानांसमोर अज्ञान दाखवू नये. हे मी सावधगिरीचा इशारा म्हणून सांगतो. परवा वाडीत नव्याने राहायला आलेल्या एका तरुणाने सहज म्हटलं, "बँजो म्हणजे अमेरिकन ना?" झालं. नानांनी त्याला दुधाची पिशवी खाली ठेवायला लावली.

"अमेरिकेचा तो वेगळा. त्याला कातडं मढवलेलं असतं, गळ्यात अडकवतात. आपला जपानचा. नागोया शहर. १९१२ साल. गोरो मोरिता."

गोरो मोरिता हे नाव नाना अशा काही सहजतेने घेतात, की हा मनुष्य खेतवाडीच्या सातव्या गल्लीत राहत असावा असं वाटतं. मग पुढची माहिती येते: मोरिताने टाइपरायटरसारखी बटणं तारांवर बसवली, त्या वाद्याचं नाव ताइशोगोतो, आणि आपल्याकडे आल्यावर त्याचा बुलबुल तरंग झाला. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हाताने तार छेडायची. "घराघरात लहान मुलांना वाढदिवसाला देत होते ते खेळणं. त्याला पिक-अप लावला, अँप्लिफायरला जोडलं आणि ट्रॉलीवर चढवून चौपाटीपर्यंत नेलं कोणी? आपल्या पोरांनी!" इथे मोरिताची रजा होते. रस्त्यावरच्या बेंजोचं श्रेय जपानला द्यायला नाना तयार नाहीत. दूध तोवर कोमट झालेलं असतं.

नागीण धून सुरू झाली की रस्त्यावर पाच-सहा जण रुमाल तोंडात धरून लोळतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. नाना त्या वेळी डोळे मिटतात. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटात पुंगी अशी नव्हतीच, तो आवाज कल्याणजींनी क्लॅव्हियोलिन नावाच्या वाद्यावर काढला होता, हे त्यांना कोणाला तरी सांगायचं असतं. पण लोळणाऱ्याला काय सांगणार? मग ते मास्तरच्या कानात सांगतात. मास्तरने ते दर मोसमात ऐकलेलं आहे. तरी तो मान हलवतो, कारण मास्तर संस्कारी मुलगा आहे.

मास्तरचं आणि नानांचं नातं हा स्वतंत्र विषय आहे. मास्तर जेमतेम पंचविशीचा. त्याचे वडीलही याच पार्टीत बेंजोवर होते, आणि हा लहान असताना मिरवणुकीत झोपला की नानांच्याच खांद्यावर असायचा. पण ज्या दिवशी तो ट्रॉलीवर चढला त्या दिवसापासून नाना त्याला अहो-जाहो करतात. "मास्तर, पाणी घ्या." "मास्तर, चौकात जरा लांबवा, बाल्कनीत माणसं आहेत." सूर चुकला की मात्र एकदम, "अरे गाढवा, बापाचं नाव घालवतोस!" पुढच्या ओळीला पुन्हा "हां मास्तर, आता कसं!"

मागच्या अनंत चतुर्दशीला प्रार्थना समाजाच्या आसपास तार तुटली. ऐन रंगात. नाचणाऱ्यांना काही कळलं नाही, कारण ढोल-ताशे चालूच होते आणि नाचायला तेवढं पुरतं. नानांच्या खांद्याला कंडक्टरची जुनी चामडी पिशवी असते. ती नोकरी सुटली तरी सुटलेली नाही. पूर्वी सुटे पैसे असायचे त्या कप्प्यात आता तारांची वेटोळी, छेडायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, एक छोटी पक्कड, काळी टेप आणि लवंगा. छत्री मानेत दाबून, पक्कड दातात धरून नानांनी मास्तरला नवी तार काढून दिली, तुटलेली खिशात घातली आणि ताशांकडे वळून फक्त दोन बोटं गोल फिरवली. ताशेवाल्यांनी ठेका तसाच फिरवत ठेवला. तार चढली, मास्तरने कान लावून ती पिळली, पुन्हा पिळली. नानांनी नकारार्थी मान हलवली. आणखी एक पीळ. मग नानांनी डोळे मिटून होकार दिला आणि गाणं जिथे तुटलं होतं तिथूनच उचललं गेलं. एवढ्या वेळात एक दाम्पत्य त्यांना बाजूला सारून गणपतीबरोबर सेल्फी काढून गेलं. त्या फोटोत कडेला नानांचं अर्धं ढोपर आलेलं असणार.

पूर्वी ताशाची कातडी पावसाने ढिली पडायची. मग फूटपाथच्या कडेला रद्दी पेटवून ताशा शेकायचा, आणि ते काम नानांचं. हल्ली प्लास्टिकची पानं आली, शेकायची गरज उरली नाही. तरीही नाना रद्दीचा एक जुडगा बरोबर ठेवतात. का ते विचारलं तर म्हणतात, "असूदे."

कायद्याचंही त्यांना सगळं पाठ आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. रात्री १० ते सकाळी ६ बंदी. सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. "पंचावन्न म्हणजे किती रे? आमची ही भाजी निवडताना बोलते ना, तेवढं." इस्पितळ, शाळा, कोर्ट यांच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. हे अंतर नाना बसगाड्यांत मोजतात: साधारण नऊ गाड्या एकामागे एक. इस्पितळाचं फाटक दिसायला लागलं की ते ट्रॉलीपुढे जाऊन हात आडवा धरतात, आणि अख्खी पार्टी मुकाट चालायला लागते. नाचणारे ओरडतात, शिव्या देतात. नाना ढिम्म. इतकी वर्षं 'पुढे सरका' म्हणण्यात गेली. लोकांच्या शिव्या त्यांना लागत नाहीत. माझ्या मते, त्या नऊ गाड्यांपुरते नाना गिरगावातले सर्वांत उपयोगी नागरिक असतात. कानठळ्या बसवणाऱ्या मिरवणुकांवर मी स्वतः पुष्कळदा तोंड टाकलं आहे आणि पुढेही टाकीन. पण त्यातून नानांना वगळून.

डीजे हा शब्द ते उच्चारत नाहीत. 'ती भिंत' म्हणतात. ढोल-ताशा पथकांशी त्यांचं वैर नाही. पाडव्याच्या शोभायात्रेत पथकं येतात तेव्हा नाना कडेला उभे राहून बघतात. शिस्त चांगली आहे, फेटे सुंदर बांधतात, मुली काय ताकदीने वाजवतात, अशी स्तुतीही करतात. मग थोडा वेळ जातो. "पण गाणं कुठाय?" एवढा एकच प्रश्न ते विचारतात आणि घरी जातात.

मुलीच्या लग्नाची बोलणी झाली तेव्हाची गोष्ट वाडीत अजून सांगतात. कल्याणचं स्थळ. देणंघेणं काही नाही, जेवण निम्मं-निम्मं, सगळं सुरळीत ठरलं. नाना प्रत्येक गोष्टीला "तुम्ही म्हणाल तसं" म्हणत होते. शेवटी मुलाच्या मामाने सहज सांगितलं की हळदीला आमच्याकडे डीजे ठरलाय. नानांनी हातातला चहा खाली ठेवला. वहिनींनी ओळखलं आणि त्यांचा पाय दाबला. उपयोग झाला नाही. तास-दीड तास खल चालला. अखेर हळद त्यांची, वरात आपली असा तह झाला, आणि वरातीत मास्तरने असं काही वाजवलं की तेच मामा घोड्यापुढे लोळले. अर्थात नागीण धुनीवर.

नाना आठवडाभरही पार्टीपासून लांब राहू शकत नाहीत, पण एका वर्षी त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन नेमकं गणपतीत आलं. विसर्जनाची मिरवणूक त्यांच्याविना निघाली आणि व्यवस्थित पार पडली. तार तुटली नाही, पाऊस आला नाही. दुसऱ्या दिवशी पोरं पेढे घेऊन इस्पितळात गेली. नानांनी विचारलं, "कसं झालं?"

"मस्त झालं नाना."

"मस्त म्हणजे? दुसऱ्या अंतऱ्याला सूर उतरला का?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. ताशेवाला म्हणाला, मी ताशात होतो. ढोलवाला म्हणाला, मला मागे काय ऐकू येतंय. मास्तर म्हणाला, मी बटणं बघत होतो. मंडळाच्या कार्यकर्त्यांना विचारलं तर ते दोर धरत होते. नाचणारे तर नाचतच होते. मग कोणीतरी मोबाइलवरचं चित्रीकरण लावलं. त्यात माणसांची डोकी, गुलाल, थोडं आकाश आणि फाटलेला आवाज. नानांनी ते तीनदा ऐकलं, फोन परत दिला आणि भिंतीकडे तोंड केलं. पार्टीच्या इतिहासात ते वर्ष नाना धरतच नाहीत. हजारो माणसांच्या मिरवणुकीत बेंजो ऐकायला आलेला माणूस एकच असतो, आणि तो त्या वर्षी सलाइनवर होता.

२०१६ साली रवी जाधवांचा 'बँजो' चित्रपट आला. रितेश देशमुख हिरो. नानांनी पार्टीतल्या पोरांना स्वतःच्या खर्चाने नेलं, आणि वाडीत तो त्यांचा सर्वांत मोठा खर्च समजला जातो. बाहेर आल्यावर सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. नाना म्हणाले, "मुलगा गुणी आहे. पण बोटं बघितलीत? एकालाही घट्टा नाही." मग त्यांनी मास्तरची बोटं हातात घेऊन सगळ्यांना दाखवली. मास्तर लाजला.

तेव्हा तुमच्याकडे हळद, वरात किंवा गणपतीचं आगमन असेल आणि बेंजो सांगायचा असेल, तर थेट मास्तरशी बोला. सुपारीच्या व्यवहारात नाना पडत नाहीत. गाण्यांची यादी द्यायची असेल तर खुशाल द्या. ती नानांच्या पिशवीत जाईल आणि तिथेच राहील. फक्त वाजवणाऱ्यांची पानं मोजताना एक पान जास्त धरा. नाना मागणार नाहीत, आणि पोरं त्यांना सोडून जेवणार नाहीत.