सल्लागार हवेत, स्टार्टअप ऐच्छिक

इन्क्युबेटरच्या माहितीपत्रकात स्टार्टअपच्या आधी सल्लागार मंडळाचे फोटो छापायची पद्धत जुन्नर-आंबेगावनेही विनाविलंब स्वीकारावी. सल्लागारांअभावी या मुलखाचे किती नुकसान झाले, याचे पुरावे दगडात कोरलेले आहेत. जुन्नरच्या लेण्यांतल्या प्राचीन शिलालेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याची नोंद आहे. श्रेणीतली सगळी माणसे तोच धंदा करणारी, म्हणजे तटस्थ दृष्टीचा पूर्ण अभाव. नाणेघाटातला जकातीचा म्हणून दाखवला जाणारा रांजण भरायचा, तर कुणाला तरी माल घेऊन घाट ओलांडावा लागे. आजचा सल्लागार कंपनीतला आपला अर्धा-एक टक्का घाटाच्या पायथ्याशीच घेतो. ही प्रगती मान्य करायला हवी.

आक्षेप असा, की नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव रोज पलटतो. तिथल्या ॲपवाल्या पोराला तीन महिन्यांतून एकदा होणाऱ्या ऑनलाइन बैठकीतून काय मिळणार? खोडद परिसरातल्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या अब्जावधी प्रकाशवर्षांवरचे क्षीण संकेत टिपतात. मंडळाचा प्रतिसाद त्याहून क्षीण असतो, आणि तो टिपणाऱ्या तरुणाची क्षमता त्या प्रमाणात वाढते. स्टार्टअप टिकत नाहीत, हा दुसरा आक्षेप तर अज्ञानातून येतो. बुडालेला संस्थापक अनुभवी ठरतो आणि अनुभवी माणूस मंडळावर जातो. म्हणजे यश शंभर टक्के. पुढे सल्ला घ्यायला कुणी उरणार नाही, ही अडचण किरकोळ आहे. तिच्यासाठी उपसमिती नेमता येईल.